शिपायाचं नाव

"‘जानराव’चा जे लहान काहून काढला तुमी?" दीक्षाने वहीवर पेन्सिल टेकवत वडिलांना विचारले.

साहेबांनी जानरावला बाळापूरला पाठवले, एवढेच इंग्रजी वाक्य. तिने ते सगळे लहान अक्षरांत लिहून दिले होते. दुरुस्त त्यांनी करायचे होते. त्यांनी पहिले अक्षर मोठे केले होते, बाळापूरचा बी मोठा केला होता, शेवटी टिंबही दिले होते.

"सायबाचं नाव थोडीच हाय ते," जानराव म्हणाले. "शिपायाचं हाय."

दीक्षाने खोडरबर त्यांच्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "इंग्रजीत शिपायाचं नावबी मोठ्याच अक्षरानं सुरू होते, बाबा."

जानराव अकोल्यातल्या एका सरकारी कार्यालयात एकोणतीस वर्षे शिपाई होते. कारकून व्हायचे तर खात्याची परीक्षा द्यावी लागे, आणि तिच्यात अशी वीस गुणांची वाक्ये. दोनदा ते याच प्रश्नात नापास झाले होते. आता वय छप्पन्न. दिवसभर फायली वाहून मान भरून यायची. स्वल्पविराम कोणता नि टिंब कोणते, चष्मा लावूनही कळत नसे. तरी दीक्षा शाळेतून शिकवून आली की ते वही घेऊन तिच्यासमोर बसत. आतून त्यांची बायको भागीरथा पाणी मागायची. लकव्याने तिची उजवी बाजू गेली होती.

तिसऱ्या खेपेला ते पास झाले. महिन्याभराने बढतीचा आदेश आला. जागा होती सेमाडोहला, मेळघाटच्या जंगलात.

भागीरथेला आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी दवाखान्यात न्यावे लागे. आईचे मी पाहीन, तुम्ही जा, असे दीक्षाने दोनदा सांगितले. शाळा सांभाळून ती ते कसे करणार, हे तिने सांगितले नाही, जानरावांनी विचारलेही नाही. भागीरथेने तोंड भिंतीकडे फिरवले.

दुसऱ्या दिवशी जानराव हेडक्लार्क खुशालरावांकडे गेले नि बढती नको म्हणाले. खुशालरावांनी नकाराचा छापील नमुना काढून खाली सही करायला सांगितले.

"राहू द्या," जानराव म्हणाले. "मीच लिवतो."

जेवणाच्या सुटीत बाकावर बसून त्यांनी चार वाक्ये इंग्रजीत लिहिली. खुशालरावांनी सवयीने लाल पेन उघडून अर्ज वाचायला घेतला. शेवटपर्यंत वाचला. मग पेनाला टोपण लावून त्यांनी तो कागद तसाच फायलीत लावला.

आत साहेबांची घंटी वाजली. जानराव उठले.