कानावर पडलेलं सुतक

मुहूर्त बारा पस्तीसचा आणि अमरनाथचा फोन आला अकराला. रेणापूरच्या मंगल कार्यालयामागं जाऊन हणमंतरावांनी तो घेतला. त्यांचे चुलतभाऊ किशनराव पहाटे अर्धापूरला वारले होते. अमरनाथ त्यांचा मुलगा. भावकीत अजून त्यानं कुणाला कळवलं नव्हतं. आज सुकन्येचं लग्न. बातमी कानावर पडली की सुतक, आणि कार्य दहा दिवस पुढं. कळलंच नाही तर लागत नाही.

"मग मला कशाला सांगितलंस?"

"तुमचं काय काका, तुम्ही कुठं मानता? कुणाला तरी सांगितल्याबगर राहवंना. माती सांजच्याला ठेवलीय."

खोटं नव्हतं. नांदेडच्या कॉलेजात तीस वर्षं त्यांनी समाजशास्त्रात विटाळच शिकवला होता. दूरच्या कुठल्या बेटावर प्रेताला शिवलेल्या माणसानं स्वतःच्या हातानं जेवायचं नसतं, दुसऱ्यानं घास भरवायचा, हे सांगितलं की पोरं हसत, तेही हसत. आता फोन खिशात टाकल्यावर त्यांनी हात पँटला पुसला, आणि पुसला हे ध्यानात येताच ओशाळले.

सुकन्या त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ चार वर्षांपूर्वी वारला, म्हणून कन्यादान हणमंतरावांनी करायचं ठरलं होतं. नवऱ्या मुलाचे वडील दयानंदराव सोयरीक जमतानाच बोलून चुकले होते, की आमच्यात मोडलेला मुहूर्त पुन्हा धरत नाहीत.

म्हणजे बोललं तर लग्न गेलं. न बोलता पाटावर बसलं तर पोरीच्या हातात सुतकाचा हात. यात काही नसतं, असं त्यांनी मनाला बजावलं. पण आपण मानत नसलो तरी मानणाऱ्यांना फसवायचा हक्क आपल्याला कुणी दिला? आणि उद्या पोरीचं काही बरंवाईट झालं तर? सल्ला घ्यावा तर घरचा जो ऐकेल तोही सुतकात.

अक्षता पडल्या. त्यांची मूठ उघडलीच नाही. गुरुजींनी हाक मारली. पाट मांडलेले होते. हणमंतराव विधुर, म्हणून शेजारच्या पाटावर बायकोच्या जागी सुपारी ठेवली होती.

"मी बसत नाही," ते म्हणाले. "सिंधू बसेल."

मांडवातल्या माना वळल्या. सिंधू म्हणजे सुकन्येची आई, ती सकाळपासून खांबाआड उभी होती. प्राध्यापकाला ऐन वेळी सुधारणा सुचली, असं कुणीतरी मागून पुटपुटलं. दयानंदराव पुढं आले.

"सर, भाषण कॉलेजात करा. विधवा बाई कन्यादानाला बसती व्हय? तुम्हाला झालंय काय, ते तरी सांगा."

ओठांवर आलंच होतं ते. खिशात फोन पुन्हा थरथरला.

"मला बायको नाही तर सुपारी चालते," हणमंतराव कसंबसं म्हणाले. "तिला नवरा नाही. मग तिला का चालू नये?"

दयानंदराव गुरुजींकडं बघू लागले. गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि आईला अधिकार नाही असं आपण तरी म्हणणार नाही, एवढं सांगितलं. सिंधूची नजर दिराच्या मिटलेल्या मुठीवर गेली, मग खिशावर. तिचे ओठ हलले. हणमंतरावांनी जेमतेम दिसेल अशी मान हलवली: नको. तिनं विचारलं नाही. पदर खोचला आणि पाटावर जाऊन बसली.

लग्न लागून सात पावलं झाली की मुलगी सासरच्या कुळाची, माहेरचं सुतक मग तिचं लग्न अडवत नाही. हणमंतराव लांबून पावलं मोजत उभे राहिले. चौथ्याला गुरुजी मध्येच थांबून तुपाची वाटी शोधू लागले, तेव्हा त्यांनी चारचा आकडा पुन्हा पुन्हा मनात म्हटला. सातवं पडलं तरी त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. पोरीची गाडी हलली की सांगायचं. तोवर आईला तिला पोटाशी धरू दे.

निघताना सुकन्या पाया पडायला वाकली. हणमंतराव दोन पावलं मागं सरले. पोरीचा चेहरा उतरला. काही चुकलं का काका, असं तिनं विचारलं.

सिंधूनं तिचा खांदा धरला.

"काकांना लांबूनच नमस्कार कर," ती म्हणाली.