बासष्ट टाके

कंचे सरांनी बायको उतरायच्या आधी स्टूल काढलं, ही या गोष्टीतली पहिली चूक. बाकीच्या चुका तिच्याच पोटातून निघाल्या.

सरांचं खरं नाव शाळेच्या कागदपत्रांबाहेर कुणी कधी वापरलं नाही. जन्मभर त्यांनी गणित शिकवलं आणि प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्याच दिवशी फळ्यावर 'कंचेभागुबेव' लिहून दिलं. आधी कंस, मग चे, मग भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. पोरांनी त्या लांबलचक शब्दाचं पुढचं टोक तोडलं आणि सरांना चिकटवलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी भाजीवालासुद्धा "कंचे सर, पिशवी आणलीत का?" असंच विचारायचा. सरांना त्याचा राग नव्हता. क्रमाचा माणूस म्हणून आपला लौकिक आहे, अशी ते मनातल्या मनात समजूत घालून घ्यायचे.

तर स्टूल. नातीच्या स्वेटरला लोकर कमी पडली म्हणून बायको माळ्यावर चढली होती. तिनं पिवळ्या लोकरीची पिशवी खाली टाकली, सरांनी ती झेलली, आणि वापरून झालेली वस्तू लगेच जागेवर ठेवायची या सवयीनं स्टूल उचलून स्वयंपाकघरात नेलं. बायको अजून माळ्याच्या कडेवर पालथी होती. तिचा पाय हवेत स्टूल शोधत राहिला, आणि स्टूल ओट्याखाली निवांत.

उजवं मनगट गेलं. प्लास्टर घालता घालता डॉक्टरांनी विचारलं, "पडलात कशा?"

बायकोनं तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "स्टूल डगमगलं."

बायकोनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे वळवली. संध्याकाळी मुलीचा फोन आला तेव्हाही सरांनी तेच सांगितलं, शेजाऱ्यांनाही तेच, आणि दर खेपेला ते बिचारं स्टूल थोडं जास्त डगमगायला लागलं. बायको गप्पच. एरवी ती सरांना एका वाक्यात गार करायची, त्यामुळे ही शांतता त्यांना फार जड जात होती. एकदा 'चुकलो' म्हटलं असतं तर सुटले असते. पण सगळा जन्म दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाई ओढण्यात गेलेला, त्या जिभेला हा शब्द काही केल्या वळेना.

त्यात स्वेटर. नातीच्या वाढदिवसाला आजीच्या हातचा नवा स्वेटर, यात ती जन्मल्यापासून खंड पडला नव्हता. पाठ तयार होती, बाह्या तयार होत्या, राहिला होता फक्त पुढचा भाग. वाढदिवसाला मुलगी आणि नात राहायला येणार होत्या. शेजारीण म्हणाली, मी देते पुरा करून. बायकोनं गोड बोलून तिला वाटेला लावलं, मग खुर्चीत बसून प्लास्टरकडे बघत स्वतःशीच म्हणाली, "यंदा राहिलं."

ते 'राहिलं' सरांच्या काळजाला लागलं.

"मी विणतो," ते म्हणाले.

"काय?"

"स्वेटर. तू सांगायचं, मी विणायचं. सूचनाच पाळायच्यात ना?"

बायकोनं त्यांना चष्म्यावरून न्याहाळलं. पडल्यापासून पहिल्यांदाच तिच्या तोंडावर काहीतरी हललं. "बसा मग," ती म्हणाली.

सुलट टाक्याला लोकर मागे, उलट टाक्याला लोकर पुढे, एवढंच तर होतं. पण सरांनी पहिला तुकडा असा आवळून विणला की सुई आत गेली ती बाहेर येईना. "सुईशी भांडण आहे का तुमचं?" बायको म्हणाली. "सैल सोडा. वर्गात नाही आहात." सरांनी सैल सोडलं तर टाकेच सुईवरून उड्या मारायला लागले. हळूहळू मात्र हात बसला. मग तिच्या देखरेखीखाली त्यांनी पुढच्या भागाचे टाके सुईवर घातले आणि खालची पट्टीही विणून काढली. बायकोनं ती डाव्या हातानं ताणून पाहिली. नाव ठेवायला जागा सापडली नाही, तेव्हा ती नुसतीच "हं" म्हणाली. तो 'हं' सरांना दिवसभर पुरला.

"आता नीट ऐका. आधी दोन सुलट. मग एक उलट, तीन सुलट, परत एक उलट, तीन सुलट, असं पंधरा वेळा. त्यानं उभ्या पट्ट्या पडतात. परतताना जसे टाके दिसतील तसे विणायचे."

सरांना कानानं काही समजत नसे. त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि लिहिलं: २ + (१ + ३) × १५. लिहून झाल्यावर ते कागदाकडे असे बघत राहिले, जणू गर्दीत अचानक घरचं माणूस भेटलं.

"अगं, हे तर कंचेभागुबेव आहे. कंस आधी, चार. गुणिले पंधरा, साठ. अधिक दोन, बासष्ट."

"सुईवर बासष्टच आहेत," बायको म्हणाली. "आता विणा."

सर विणायला लागले. आणि दोन-चार ओळींतच त्यांच्यातला काटकसरी माणूस जागा झाला. प्रत्येक उलट टाक्याला लोकर पुढे आणा, पुढच्या टाक्याला परत मागे न्या. एका ओळीत हा पुढे-मागे खेळ पंधरा वेळा. कशासाठी? त्यांनी कागद ओढला आणि कंस सोडवला. उलट टाके एकूण पंधरा. सुलट पंचेचाळीस आणि सुरुवातीचे दोन, म्हणजे सत्तेचाळीस. मग आधी सगळे सुलट उरकावेत, नंतर सगळे उलट. बेरजेत क्रम बदलला म्हणून काही उत्तर बदलत नाही, हे त्यांनी दरवर्षी पाचवीच्या वर्गाला घोकायला लावलं होतं. लोकर एकदाच पुढे आणायची, संपलं काम. एवढी साधी गोष्ट विणणाऱ्यांच्या लक्षात कशी आली नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

"झाल्याशिवाय बघायचं नाही," असं बजावून ते खिडकीशी जाऊन बसले. सकाळी बसत, दुपारी बायको आडवी झाली की बसत. आपण किती पुढे गेलोय ते बघून ती चकित होईल, मग हसेल, मग बोलायला लागेल, आणि त्या बोलण्याच्या भरात स्टुलाचा विषय आपोआप मिटेल, असा त्यांचा हिशेब होता. पट्ट्या काही दिसत नव्हत्या, हे खरं. पण बायको एकदा म्हणाली होती की वीण धुतल्यावर उठून दिसते. धुतल्यावर उठतील, असं म्हणून त्यांनी ती शंका बाजूला सारली.

बगलेपर्यंत झाल्यावर त्यांनी तो तुकडा मोठ्या ऐटीत तिच्या मांडीवर ठेवला.

बायकोनं तो उलगडला. मग सरांना कपाटातून तयार पाठ काढायला लावली आणि दोन्ही शेजारी शेजारी पलंगावर पसरले. पाठीवर सरळ उभ्या पट्ट्या होत्या, अंगाला धरून बसणाऱ्या. पुढचा भाग पाठीहून चार बोटं रुंद, पसरट, आणि एका कडेला खरखरीत टाक्यांचा जाडजूड पट्टा, बाकी सगळं सपाट.

बायकोचे खांदे हलायला लागले. सरांना वाटलं, रडतेय. ती हसत होती. हसता हसता तिनं प्लास्टरचा हात छातीशी धरला आणि डोळे पुसले.

"मोजून बघ," सर घाईनं म्हणाले. "सत्तेचाळीस आणि पंधरा. बासष्ट."

"बासष्टच आहेत."

"मग?"

"मग पट्ट्या कुठे गेल्या?"

सरांनी कॅलेंडरचं पान आणलं आणि तिला सगळं समजावलं. कंस कसा सोडवला, क्रम कसा बदलला, आणि तसं करणं कसं पूर्णपणे नियमाला धरून आहे. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मधे एकदाही टोकलं नाही. बोलता बोलता सरांचाच आवाज खाली यायला लागला. नियम कुठेच चुकला नव्हता. पण त्यानं फक्त टाके किती ते सांगितलं होतं, कुणाशेजारी कोण ते नाही. एक उलट आणि तीन सुलट ही मंडळी एकत्र राहणारी होती. बायकोनं 'असं पंधरा वेळा' म्हटलं होतं, आणि सरांनी त्यांचं घर मोडून सगळ्या उलटांना एका कोपऱ्यात नेऊन बसवलं होतं.

आतलं आधी सोडवा, असं त्यांनी हजारदा शिकवलं होतं. का, असं कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं: नियम आहे, पुढचं गणित घ्या. आज त्यांच्यापुढे उत्तर बरोबर होतं आणि स्वेटर चुकला होता. नातीला उत्तर अंगात घालायचं नव्हतं.

"उसवायचं का?" त्यांनी विचारलं.

"दुसरा काय इलाज?" बायको म्हणाली. "खालची पट्टी तेवढी ठेवा. ती चांगली झालीय."

उसवताना शेवटचा टाका आधी सुटतो. सर लोकर ओढत होते, बायको समोर बसून डाव्या हातानं वेडावाकडा गुंडा करत होती. खिडकीशी बसून केलेलं सगळं भराभर नाहीसं झालं. दिवस थोडे राहिले होते, पण आता ती समोर होती. ते विणायचे आणि ती म्हणायची, "एक उलट, तीन सुलट. लोकर मागे घ्या. हं." हळूहळू ती इतर गोष्टीही बोलायला लागली. शेजारणीविषयी, मुलीच्या नव्या घराविषयी. स्टुलाविषयी नाही. गळ्याशी सर दोनदा चुकले, दोनदा उसवलं, आणि तिनं सांगितलं तसं टाचून शेवटी तो स्वेटर उभा राहिला. एक खांदा किंचित वर होता. नात वाकडी उभी राहते, चालून जाईल, असं बायको म्हणाली.

नात आली ती बोलतच आली. तिला घरात 'पणका' म्हणत, कारण तिचं प्रत्येक दुसरं वाक्य 'पण का?' असं असायचं. स्वेटर तिनं पिशवीतून काढताक्षणी अंगात घातला. तो आजोबांनी विणलाय हे कळल्यावर ती आधी हसली, मग त्यांना कडकडून बिलगली. तिची आई सामान लावायला आत गेली आणि पणकानं दप्तरातून गणिताचं पुस्तक काढलं.

"आजोबा, यात आधी गुणाकार करायचा म्हणे. पण का? मी तर डावीकडून ओळीनं करते."

'नियम आहे' हे शब्द सरांच्या ओठांपर्यंत आले होते. ते त्यांनी गिळले. "खालच्या पट्टीच्या वरची एक ओळ मोज," ते म्हणाले. "काठाला दोन टाके सुटे आहेत. मग चार-चारांचे गट."

तिनं मान खाली घालून बोटानं टाके मोजले. दोन, आणि चारांचे पंधरा गट. सरांनी लिहिलं, २ + ४ × १५. पणकानं डावीकडून ओळीनं केलं: सहा, सहा गुणिले पंधरा, नव्वद. मग तिनं पोटावरचे टाके पुन्हा मोजले. बासष्ट.

"नव्वद कुठून आले?" तिनं विचारलं.

"तू काठाच्या दोघांना आधीच गटात घातलंस. मग गटाबरोबर तेही पंधरा वेळा आले. ते तर एकदाच आहेत, कडेला. नव्वद टाक्यांचा स्वेटर मला झाला असता."

पणका काठाच्या दोन टाक्यांकडे बराच वेळ बघत राहिली. "आधी करायचं म्हणजे ते मोठे म्हणून नाही," ती सावकाश म्हणाली. "सुट्यांना त्यांच्यात ओढायचं नाही म्हणून."

सरांना फार आनंद झाला. मागच्या सगळ्या वर्गांतल्या सगळ्या पोरांची त्यांना आठवण आली, आणि थोडं वाईटही वाटलं.

एवढ्यात पणकाचं लक्ष प्लास्टरकडे गेलं. "आजी, आई म्हणाली स्टूल डगमगलं. कोणतं? ते ओट्याखालचं? ते तर हलत पण नाही. मी त्याच्यावर नाचलेय."

आजीनं नजर खिडकीकडे वळवली, दवाखान्यात वळवली होती तशीच.

"डगमगलं नाही," सर म्हणाले. "आजी उतरायच्या आधी मी ते काढलं. चूक माझी होती."

"पण का?"

या प्रश्नाला नियमाचं उत्तर नव्हतं. "घाई," सर म्हणाले. "स्टूल जागेवर ठेवायची घाई. आजी वर आहे हे मी बघितलंच नाही." मग ते बायकोकडे वळले. "चुकलो गं. फार चुकलो. त्याच दिवशी म्हणायला हवं होतं."

बायको खिडकीतून वळली. तिचे डोळे भरले होते आणि तिला ते लपवायचे नव्हते. "स्वेटरच्या आधी म्हणाला असतात," ती म्हणाली, "तर मी तेव्हाच पहिल्यासारखी बोलले असते. पण असू दे, स्वेटर छान झालाय."

पणका आळीपाळीनं दोघांकडे बघत होती. तिला आणखी एक 'पण का' विचारायचा होता, पण आजीनं तो वेळीच ओळखला आणि उरलेल्या लोकरीची पिशवी उचलली.

"ही वर टाकायची आहे," ती म्हणाली. "स्टूल आणा. तुम्ही चढा, मी धरते."

सर चढले. डोकं माळ्यात घालून त्यांनी पिशवी आत ढकलली. खाली बायकोनं डाव्या हातानं स्टूल धरलं होतं, पणकानं दोन्ही हातांनी.

"काढशील का गं आता?" सरांनी वरून विचारलं. आवाज चेष्टेचा होता, पण पाय खरंच स्टूल चाचपत होता.

"आधी तुम्ही," बायको म्हणाली. "मग स्टूल."