शून्यानंतरचा कॉमा

तू फक्त ऐक गिर्‍या. मधे बोलू नको, हसू तर अजिबात नको. शेठचं काम काढून मी मुद्दाम धुळ्याला आलो आज, कारण जळगावात हे सांगायला माझ्याकडे कोणीच नाही. पाच दिवस झाले, घास गिळत नाही भो.

दीपचंद शेठ माहीत आहे ना तुला, आमचे डाळमिलवाले. त्यांच्या जावयानं त्यांना लॅपटॉप दिलाय. त्याच्या बाजूला एक फट आहे, तिच्यात पातळसं कार्ड जातं, मोडेम कार्ड. त्याला टेलिफोनची वायर लावायची, की ते स्वतःच नाशिकला फोन लावतं आणि इंटरनेट सुरू. शेठला त्यातलं काही कळत नाही, मला कॉम्प्युटर क्लासमुळे कळतं, म्हणून तर नोकरी मिळाली. ईमेल उतरवायचे, छापायचे, टेबलावर ठेवायचे. एवढंच काम.

मागच्या शुक्रवारी शेठ गेले जोधपूरकडे लग्नाला. जाताना म्हणाले, "वाल्मीक, मशीन सांभाळ हां. कलकत्त्याचा ईमेल येईल, आला की मला फोनवर वाचून दाखव."

सांभाळ म्हणाले ना? आणि मी काय केलं? शनिवारी सकाळी विंडोज पंच्याण्णव होतं त्यावर अठ्ठ्याण्णव टाकून दिलं! कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. क्लासमधल्या रुपचंदकडे सीडी होती, माझ्या हाताला खाज होती. म्हटलं शेठ आले की दाखवू, बघा कसं नवंकोरं केलं.

टाकून झालं, मशीन सुरू झालं, रंगबिरंगी सगळं, मी खूष. आणि कार्ड गायब. म्हणजे फटीत होतं रे, पण मशीनला दिसेना. पिवळं उद्गारचिन्ह. मी कार्ड काढलं, फुंकर मारली, परत घातलं. बंद केलं, सुरू केलं. मग आठवलं, कार्डासोबत एक फ्लॉपी आली होती. ती शोधता शोधता शेठची तीन कपाटं उपसली, मुनीमजी म्हणाले, "काय रे, चोरी झाली का इथं?" फ्लॉपी निघाली कुठे, तर वरच्या मजल्यावर, शेठच्या घरच्या देवघरात. शेठच्या आईनं, प्रेमकुंवरबाईंनी, मशीनची वस्तू म्हणून हळदकुंकू लावून ठेवलेली. पुसली, घातली, आणि कार्ड दिसायला लागलं. मी टाळी वाजवली एकट्यानं.

पण मग फोनची सगळी माहिती नव्यानं भरायची होती. देश, गाव, नंबर, बाहेरची लाईन घ्यायला कोणता आकडा. ऑफिसात इंटरकॉम आहे ना, आधी शून्य दाबायचा, मग बाहेरची लाईन मिळते. भरलं मी सगळं. पाठ होतं मला. नाशिकचा नंबर लावला, आणि मशीन म्हणतंय, पलीकडचा कॉम्प्युटर उत्तर देत नाही.

परत लावला, तेच.

आणि ते कार्ड फोन लावताना ओरडतं, ऐकलंयस ना तू? चीं चीं, खर्रर्र. प्रेमकुंवरबाई वरून ओरडल्या, "अरे बेटा, ते मशीन का रडते रे? मारते का तू त्याला?" म्हणून मी लगेच, पलीकडे कोणी उचलायच्या आतच, आवाज बंद करून टाकला. इथंच माती खाल्ली बघ. आणि एक सोय असते, फोन लागला नाही तर आपोआप परत लावायचा, दहा वेळा. ते चालू केलं. अडीच वाजता मुनीमजी जेवायला जातात, लाईन मोकळी असते, तेव्हा सुरू करून द्यायचं आणि मी चौकात चहाला जायचो. शनिवार, रविवार, सोमवार. रोज अडीच ते सव्वातीन ते मशीन आपलं फोन लावत बसलेलं आणि मी परत येऊन बघायचो, तर उत्तर नाही.

मंगळवारी म्हटलं, निदान ऐकू तरी काय होतंय. आवाज चालू केला. कानाशी धरला लॅपटॉप. आकडे दाबल्याचा आवाज आला. रिंग वाजली, एकदा, दोनदा. कोणीतरी उचलला. मी म्हटलं, झालं, लागलं! आता खर्रर्र होणार.

आणि आतून बाई बोलली.

"भटू? भटू शे ना रे?"

गिर्‍या, मी लॅपटॉप आणखीच कानाला लावला. कार्ड आपलं टीं... टीं... करतंय, थांबून थांबून, पलीकडच्या कॉम्प्युटरला हाक मारतात ना तसं. आणि ती बाई त्याला उत्तर देतेय.

"आयकू येस रे भाऊ, तुन्ही शीळ आयकू येस. तू बोलू नको, लाईन खराब शे. मी बोलस, तू आयक. जेवना का? थंडी शे का तठे? कैरीसनं लोनचं टाकेल शे, तुले धाडसू. बठ्ठा बरा शेतस आठे. तू आंगले जपजो, बरं का."

मग एक मिनिट झालं, तेवढीच वाट बघतं ते, आणि कार्डानं फोन ठेवला. आणि लगेच परत लावायला घेतला. मी वायरच उपटली.

तुला कळलं का ते? मला कळायला बराच वेळ लागला. भटू म्हणजे तिचा पोरगा. थंडी आहे का तिथे, म्हणजे कुठे? हा जून महिना, जळगावात पत्रे तापलेत. थंडी कुठे असेल सध्या, आणि पोराच्या फोनची एवढी वाट कोण बघत असेल? पेपर तू पण वाचतोस.

कारगिल.

मग मी ते भरलेलं परत बघितलं आणि सापडलं. शून्यानंतर कॉमा घालायचा असतो. कॉमा म्हणजे जरा थांब, बाहेरची लाईन मिळू दे, मग पुढचं दाब. जुन्या विंडोजमध्ये जावयानं घातलेला होता, मी नवीन भरताना विसरलो. एक कॉमा रे! तो नाही म्हणून कार्ड थांबत नव्हतं. पहिल्या शून्यात लाईन मिळायची, तेवढ्यात नाशिकच्या कोडचा शून्य हवेत जायचा. उरलं काय? कोडातले दोन पाच तीन आणि पुढचे तीन आकडे. जळगावचे नंबर किती आकडी? सहा. झाला जळगावचा नंबर तयार, मागचे आकडे वाया. कोणाच्या तरी घरचा.

कॉमा घातला. पहिल्या झटक्यात नाशिक लागलं. अकरा ईमेल उतरले, कलकत्त्याचापण. शेठना फोन केला, ते म्हणाले, "शाब्बास, हुशार पोरगा आहे." त्या बाईचं नाही सांगितलं. विंडोज बदललं हेपण नाही सांगितलं.

बुधवारी सकाळी तोच सहा आकडी नंबर हातानं फिरवला. सांगायचं ठरवलं होतं, देवाशपथ. पण तिनं पहिल्या रिंगला उचलला आणि असं "भटू?" म्हणाली, की माझ्या तोंडून निघालं, "टेलिफोन ऑफिसातून बोलतोय, लाईन तपासायचीय, पत्ता सांगा." तिनं सांगितला. पिंप्राळ्यात, लिलाबाई.

दुपारी मुनीमजी जेवायला गेले तशी सायकल काढली, गेलो. वाटेत म्हटलं, समोर बसून सांगू, माणसाच्या तोंडावर सांगितलं तर माणूस समजून घेतो.

दोन खोल्या. भिंतीवर भटूचा फोटो, वर्दीतला. आपल्याच वयाचा आहे भो. फौजेत लागल्यावर आईसाठी पहिला त्यानं फोनचा अर्ज भरलेला. फोनवर विणलेला रुमाल. मला बघून लिलाबाईंनी खुर्ची पुसली, पाणी दिलं, म्हणाल्या, "भाऊ, एवढी लाईन नीट करी द्या. मना पोर्‍या रोज फोन करस. शनवारपासून. अडीच वाजता. पन आवाज येत नही, निस्ती शीळ येस."

शेजारच्या कलाबाई दारातच उभ्या. त्या म्हणाल्या, "तीन आठवडे पत्र नही, काही नही. हाई बाई जेवे नही. भाकर पुढे ठेवो तर भिंतकडे तोंड करे. शनवारी फोन उना तव्हय जेवनी."

मी म्हटलं, "मावशी, शीळ कसली... ते मशीनचा पण आवाज असू शकतो." एवढं तरी बोललो रे मी!

तर हसल्या. "नही भाऊ. ल्हानपने ढोरं चाराले जाये ना, तव्हय आशीच शीळ वाजाडे. मी वळखस."

तू काय बोलला असतास? थांब, आत्ता नको सांगू.

तेवढ्यात घड्याळात तीन वाजले. त्यांचं लक्ष गेलं. फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आज नही उना," म्हणाल्या. "अडीच वाजी गये. तुम्ही लाईन बंद करी का, भाऊ?"

मी कॉमा घातला होता ना. येणार कुठून?

"हो," म्हटलं, "तपासणीमुळे बंद आहे. उद्या सुरू होईल."

चहा न पिता निघालो. कलाबाई मागून म्हणाल्या, "कसा मानूस शे, चहापन नही लेत."

आणि गुरुवारी... शिव्या दे मला हव्या तर. गुरुवारी अडीच वाजता मी तो कॉमा काढला. माझ्या हातानं. दहा वेळाचं बंद केलं, फक्त एकदा लावला. त्या उचलणार माहीतच होतं. कार्ड टीं टीं करत होतं आणि लिलाबाई म्हणाल्या, "उना! उना रे! माले वाटनं..." रडत होत्या. पूर्ण मिनिटभर मी ते ऐकलं. लॅपटॉपमधून. वरून प्रेमकुंवरबाई म्हणाल्या, "आज परत रडते का रे मशीन?" मी म्हटलं, "हो बाई, रडतंय."

त्या रात्री ठरवलं, बास. हे असं रोज करू शकत नाही. सांगायचं. काल सकाळी परत पिंप्राळ्याला गेलो. वाटेत वाक्य पाठ केलं, मावशी, मी टेलिफोनवाला नाही, ती शीळ माझ्या मशीनची होती.

तर दारात चपलांचा ढीग. म्हटलं संपलं. पण आतून हसण्याचा आवाज! पाचोर्‍याचे धनसिंगभाऊ आले होते. त्यांचा पोरगा भटूच्याच पलटणीत ड्रायव्हर, डोंगराखाली तळावर असतो, त्याचा आदल्या संध्याकाळी फोन आला होता. भटू बरा आहे. धडधाकट आहे. म्हणून ते बसनं सांगायला आले. कलाबाईंनी साखर वाटली, मलापण दिली. मी ती तोंडात टाकली आणि असं हलकं वाटलं गिर्‍या, असं हलकं, की म्हटलं आता सांगायची गरजच काय?

मग धनसिंगभाऊ म्हणाले, "पन लिलाअक्का, तुमना फोन कोनासंगे चालू व्हता एवढा? भटूले सोमवारी पाळी भेटनी व्हती फोननी. तीन तास लाईनमा उभा राह्यना. अडीच वाजता तेना नंबर उना. तीनदा फिरवा, तीन्हीदा एंगेज. मांगला जवानसनी हाकली दिन्हा. राते वर चढी गया तो, डोंगरवर. आते खाले कव्हय यी, सांगता येत नही."

सोमवारी. अडीच वाजता.

मी कुठे होतो, माहीत आहे? चौकात. कटिंग चहा पीत. आणि कार्ड तिकडे दहा वेळा फोन लावत होतं.

तोंडातली साखर तशीच राहिली. मग एकेक करून सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण मी टेलिफोनवाला ना. धनसिंगभाऊ म्हणाले, "काय साहेब, काय भानगड शे?"

मी म्हटलं, "क्रॉस कनेक्शन. लाईन क्रॉस झाली होती. आता दुरुस्त केली."

पाठ केलेलं वाक्य कुठे गेलं काय माहीत. उठलो आणि निघालो.

सायकलचं कुलूप काढत होतो तर लिलाबाई मागे आल्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तशा नव्हत्याच. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, "भाऊ, एक इचारू? ती शीळ भटूनी नव्हती ना?"

मी मान हलवली. नव्हती.

"मंग मी एवढा दिन जे बोलनू," म्हणाल्या, "ते कोन आयकत व्हतं?"

मीच ऐकत होतो रे. मंगळवारी आणि गुरुवारी तरी मीच. बाकीच्या दिवशी तर कोणीच नाही, नुसतं मशीन. यातलं कुठलं जास्त वाईट, तेच मला कळत नाही. त्या उभ्या होत्या, माझ्या तोंडाकडे बघत, आणि माझा हात ब्रेकवर. सांगितलं तर तिच्या पोराचं शेवटचं... नाही, शेवटचं म्हणायचं नाही. पण त्याची पाळी कोणी खाल्ली ते तिला कळणार. आणि नाही सांगितलं तर ती आता जन्मभर त्या फोनकडे बघत विचारणार, कोण ऐकत होतं?

मी सायकलवर बसलो भो. बसलो आणि निघालो. वळणावर मागे बघितलं तर त्या अजून तिथंच उभ्या.

शेठ परवा येतील. मशीन एकदम चकाचक चालतंय. काल अडीच वाजता मी नुसता त्या फोनच्या वायरकडे बघत बसलो.

आता बोल. तू असतास माझ्या जागी, त्या दारात, तर काय केलं असतंस?