मागं वळून बघायचं नाही

“नारळाला सलाम करून आलास ना?” जाळ्यावरची नजर न काढता एम्बोंगनं विचारलं.

देरामान पहिल्या पायरीवरच थबकला. गेल्या वर्षी शहरातून आलेल्या पाहुण्यांना त्यानं अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं होतं, की सेलुदांग बेटावर नारळाच्या झाडाला सलाम केल्याशिवाय पुढं जात नाहीत, झाड रागावतं. तीन दिवस ती बिचारी माणसं धक्क्यापासून मशिदीपर्यंत दर झाडापाशी थांबून छातीला हात लावत होती. गाव हसून हसून आडवं झालं होतं.

“एका कामाला आलोय,” देरामान म्हणाला.

“माझं मशीन नीट चाललंय.”

“मशीनचं नाही. घर उचलायचंय. शनिवारी.”

“कुणाचं?”

“माझं.”

“न्यायचं कुठं?”

“वर टेकाडावर. कलसोमच्या बापाचा, माझ्या सासऱ्याचा तुकडा आहे ना, तिथं. तुझ्या शेजारी.”

एम्बोंगच्या हातातली जाळं विणायची सुई थांबली. “म्हणजे तू माझा शेजारी होणार?”

“अल्लाची मर्जी.”

“त्याचा माझ्यावर एवढा कसला राग आहे, काही कळत नाही.” एम्बोंगनं पुन्हा सुई चालवायला घेतली. “बघू.”

बस, एवढंच. कॉफी नाही, ‘बस’ म्हणणं नाही.

एम्बोंगचं तरी काय चुकलं म्हणा! एकोणीस वर्षांपूर्वी त्यानं होडीला नवं कोरं मशीन बसवलं, तेव्हा पहिल्या फेरीला सगळा गाव धक्क्यावर जमला होता. दुआ झाली, केळीच्या पानावरचा गोड भात वाटून झाला, आणि एम्बोंग राजासारखा निघाला. तीस हात गेला नि होडी थबकली. मशीन बोंबलतंय, पाणी उसळतंय, पण होडी जागची हलेना. तासभर तो भर उन्हात तसाच. शेवटी मशीनचा जाणता म्हणून देरामानलाच वल्हवत नेलं. त्यानं मशीन उघडलं, प्लग पुसला, तीनदा मान हलवली, आणि कुणाचं लक्ष नाहीसं बघून पाण्याखालची दोरी कापली. पहाटे त्यानंच ती होडीच्या बुडाशी आणि धक्क्याच्या खांबाला बांधली होती. “आता लाव,” म्हणाला. होडी बाणासारखी सुटली. एम्बोंगनं त्याला एक तगडा कोंबडा दिला, आणि त्या दिवसापासून सगळ्या बेटाची मशिनं देरामानकडंच यायला लागली. आठ दिवस त्यानं हसू पोटात दाबलं. नवव्या दिवशी फुटलं.

तर असा हा देरामान. वय एकसष्ट, हाताला कायम ग्रीस, आणि डोक्यात कायम काहीतरी शिजत असलेलं.

आता मात्र भलतंच शिजलं होतं. किनाऱ्यावर त्याचं घर ज्या जागेत उभं होतं ती जागा मुळात त्याच्या, समुद्रापलीकडं मर्सिंगला राहणाऱ्या चुलतभावाची. भावानं ती विकली. घेणारा फैरूझ नावाचा शहरातला तरुण. त्याला तिथं पाहुण्यांसाठी बारा झोपड्या बांधायच्या होत्या. माणूस वाईट नव्हता. घरी आला, जमिनीवर मांडी घालून बसला, दोनदा कॉफी मागून घेतली आणि बापमाणसाला लावतात तसा ‘पाक’ लावून म्हणाला, “पाक देरामान, हे जुनं मोडूया. वर तुम्हाला सिमेंटचं नवं बांधून देतो. माझ्या खर्चानं.”

देरामान ‘हो’ म्हणायच्या बेतात होता. तेवढ्यात आतून कलसोमचा आवाज आला.

“माझ्या बाबांनी या घराला एक खिळा मारला नाही. सगळं लाकडात लाकूड अडकवून उभं केलंय. आबांग, तुम्ही त्याला कुऱ्हाड लावणार असाल तर लावा. मी मर्सिंगला बहिणीकडं जाते. सिमेंटच्या घरात तुम्ही राहा आणि तुमच्या खोड्या राहू देत.”

कलसोम नवऱ्याला ‘आबांग’ म्हणे, पण थट्टा करत नसे. त्या घरात तेवढं एक खातं पूर्णपणे देरामानकडं होतं. त्यामुळं तो मुकाट्यानं उठला. पावसाळी वारं सुटायच्या आत घर आख्खं वर जायला हवं होतं. नाहीतर बायको बोटीत बसणार, हे सूर्य उगवण्याइतकं नक्की.

आख्खं घर न्यायचं तर खांबांना आडवे बांबू बांधायचे, माणसांनी खाली शिरायचं आणि उचलून चालायला लागायचं. पूर्वापार असंच चालत आलंय. त्याला ऐंशी खांदे लागतात. गावात धड कण्याचे पुरुष होते छत्तीस, तेही कण्याबद्दल खोटं बोलणारे धरून. बाकीची पोरं मर्सिंगला, जोहोरला, कारखान्यात. आणि या कामाला निरोप चालत नाही, फोन तर नाहीच. घरधन्यानं स्वतः दारात जाऊन तोंडानं मागायचं.

देरामान दारोदार फिरला. जिथं जाई तिथं त्याची एकेक खोडी आधीच उंबऱ्यावर येऊन बसलेली. मशिदीतले म्हातारे तोक नोर्दिन, अख्ख्या गावाचे आजोबा, म्हणाले, “माझ्या चपला त्या वर्षी माडावर कुणी टांगल्या होत्या रे?” दुकानवाला म्हणाला, “सुरमईचा घोळका आलाय म्हणून भर दुपारी गाव पळवलंस. माझी लुंगी अजून त्या कुंपणावर आहे.” सगळ्यांनी सगळं आठवून सांगितलं आणि शेवटी एकच शब्द दिला. “बघू.”

आता हे ‘बघू’ सेलुदांगवर फार चिवट. हो म्हणायचं असलं तरी बघू, नाही म्हणायचं असलं तरी बघू, आणि समोरच्याला जरा घाम फुटू द्यायचा असला तरी बघूच.

शनिवार उजाडला. छपराचे पत्रे उतरवलेले, कपाटं बाहेर काढलेली, खांबांना बांबू आवळून बांधलेले. घर कसं, हजामतीला बसल्यासारखं दिसत होतं. सात वाजले. घराखाली माणसं दोन. एक फैरूझ, पांढरे बूट घालून आलेला. दुसरे तोक नोर्दिन. त्यांचं वय ब्याऐंशी, आणि ते उचलायला नव्हे, मोजायला आले होते.

अंगणात कलसोमनं मोठ्ठा टोप चढवला होता. नारळाच्या दुधातला भात, कोवळ्या फणसाचं कालवण.

“किती जणांचा करतेस?” देरामाननं विचारलं.

“शंभर.”

“कोण खाणार?”

“येतील ते.”

साडेसात झाले. देरामान पायरीवर बसला. आयुष्यभर त्यानं लोकांना वाट बघायला लावलं होतं, पण वाट बघणं म्हणजे काय असतं ते त्याला त्या दिवशी कळलं. एकेक खोडी आठवली. एकीचंही हसू येईना.

“तोक,” तो हळूच म्हणाला, “मोडायचं म्हटलं तर एका दिवसात मोडेल का हो?”

तोक नोर्दिन खोकले. जरा जास्तच मोठ्यानं खोकले. त्याबरोबर मशिदीच्या मागून कुणाचं तरी दाबून धरलेलं हसू फिस्सकन सुटलं, आणि मग धरण फुटल्यासारखी माणसं बाहेर पडली. दुकानवाला, त्याचे दोन्ही मेहुणे, कोळी, शाळेचे मास्तर. छत्तीसच्या छत्तीस. त्यांच्या मागून पोरं. मर्सिंगची पोरं, जोहोरची पोरं! पहाटेच्या बोटीनं बेटाच्या पलीकडच्या अंगाला उतरून मागच्या वाटेनं आलेली. सगळ्यांच्या पुढं एम्बोंग.

“एकोणीस वर्षांपूर्वी मी तासभर पाण्यात उभा होतो,” तो म्हणाला. “म्हटलं, तूही जरा तासभर बस.”

“अरे, मला वाटलं, कुणी येणारच नाही...”

“तू बोलावलं नसतंस तरी आलो असतो. पण मग हा तास कुठून मिळाला असता?”

देरामानला काहीतरी टोला हाणायचा होता. पण तो पायरीवरची नसलेली धूळ झटकत बसला.

“चल, ऊठ.” एम्बोंगनं पाण्यानं भरलेला माठ त्याच्या डोक्यावर ठेवला. “घरधनी घराला खांदा देत नाही. पाण्याचा माठ घेऊन पुढं चालायचं. मागं वळून बघायचं नाही. बघितलं तर घर जड होतं.”

“ही कुठली रीत?”

“आजोबांच्या वेळची. आणि वाटेत जेवढे नारळ लागतील तेवढ्यांना सलाम.”

देरामान एम्बोंगकडं बघतच राहिला. एम्बोंगच्या तोंडावरची माशी हलत नव्हती. असली रीत बापजन्मात कुणी ऐकली नव्हती. पण ऐंशी माणसं आपलं घर उचलायला बांबूखाली वाकलेली असताना, रीत खरी की खोटी हे विचारायची टाप कुणाची?

“बिस्मिल्ला!” तोक नोर्दिन दगडावर चढून ओरडले. “एक... दोन... तीन!”

लाकूड करकरलं. घराचे पाय दगडांवरून सुटल्याचा आवाज देरामानला पाठीवर ऐकू आला. तो चालायला लागला. एका हातानं माठ धरलेला, दुसरा छातीवर. पहिला नारळ. सलाम. दुसरा नारळ. सलाम. मागं दीडशे पावलं वाळूत रुतत होती, तोकांची हाक पडत होती, फैरूझ ‘माझा बूट, माझा बूट!’ म्हणत होता आणि कुणीतरी ‘राहू दे, पुढच्या वर्षी उगवेल’ म्हणून त्याला पुढं रेटत होतं. सातव्या नारळाशी मागून खुसखुस सुरू झाली. अकराव्याशी वाढली. तेराव्या नारळाला देरामाननं जरा जास्तच कमरेत वाकून सलाम केला, माठातलं पाणी नाकावरून ओघळलं, आणि त्याच्या मागं आख्खं घर हसायला लागलं. भिंती थरथरत होत्या, जमिनीच्या फळ्या खडखडत होत्या. “हसू नका रे, पडेल!” तोक ओरडत होते आणि स्वतःच हसत होते.

मशिदीच्या वळणावर बराच वेळ गोंधळ झाला. “डावीकडं! अजून! अजून फिरवा!” देरामानची मान वळवळली, पण त्यानं बघितलं नाही.

टेकाडावर पोचून देरामान समुद्राकडच्या कडेला थांबला, तेव्हा एम्बोंगची हाक आली. “ठेवा! सावकाश! दगड बघा, दगड!” मग धप्प आवाज झाला, आणि लाकडानं मोठा सुस्कारा टाकला.

“आता वळ.”

देरामान वळला. समोर स्वयंपाकघर. समुद्राकडं तोंड करून स्वयंपाकघर! आणि पुढची पायरी, बैठकीची खोली, सगळं मागं, थेट एम्बोंगच्या अंगणात उघडणारं.

“अरे गाढवांनो, उलटं ठेवलंत की!”

ऐंशी माणसं आभाळातले ढग न्याहाळायला लागली.

“उचला परत!”

“मशीन बंद पडलं,” एम्बोंग कंबर धरून खाली बसला. “कुणाला तरी बोलाव दोरी कापायला.”

परत हशा उसळला. त्यातून वाट काढत कलसोम वर आली. हातात भाताचा डाव तसाच.

“उलटं नाहीये,” ती म्हणाली. “मीच सांगितलं होतं. तुम्ही पुढच्या दारांनी फिरलात, मी दुसऱ्या दिवशी मागच्या दारांनी फिरले.” थोडी थांबून म्हणाली, “एकतीस वर्षं डोंगराकडं बघत भात शिजवला, आबांग. तुमची होडी आली का, हे दर वेळी शेजारच्या सेनाहला विचारायला लागायचं.”

देरामान हसत होता, तो थांबला.

एका पावसाळ्यात तो बंद पडलेल्या होडीच्या मागं पलीकडच्या बेटावर गेला होता आणि वादळानं दोन दिवस तिकडंच अडकला होता. तिसऱ्या दिवशी परत आला, तो चोरपावलांनी घरामागून. म्हटलं, हिला दचकवू. केळीच्या आड दबून बसला. खिडकीतून कलसोम दिसत होती. ती भात ढवळत होती, आणि चुलीत जाळ नव्हता. तरी तो ‘भ्वाँ’ करून उठलाच. ती हसली नाही, ओरडली नाही, रडली नाही. ओढणीला हात पुसले, चूल पेटवली आणि त्याला जेवायला वाढलं. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. गावाला त्याच्या सगळ्या खोड्या पाठ होत्या, ही एक सोडून.

त्यानं माठ डोक्यावरून उतरवला, मागच्या, म्हणजे आता पुढच्या, पायऱ्या चढला आणि चुलीशेजारी नेऊन ठेवला.

मग त्यानं ऐंशी जणांना स्वतःच्या हातानं वाढलं. पानापानापाशी वाकून वाढलं. फैरूझला, एक पाय अनवाणी, फणसाच्या फोडी दोनदा. एम्बोंगला सुक्या मासळीचा सगळ्यात मोठा तुकडा. लोक वाट बघत होते, आता हा काहीतरी करणार, भातात मिरची लपवणार, पाण्यात मीठ टाकणार. त्यानं काहीच केलं नाही. दर पानापाशी म्हणायचा, “आलात, फार बरं केलंत. अजून घ्या.”

“याला ताप बीप आलाय का?” दुकानवाल्यानं हळूच विचारलं.

“राहू दे,” एम्बोंग भात कालवत म्हणाला. “आता रोज पायरीवर आला की माझंच तोंड दिसणार त्याला. कुणाचंही डोकं फिरेल.”

चार दिवसांनी देरामान पलीकडच्या बेटावर एक मशीन दुरुस्त करून परत येत होता. ऊन कलतीला लागलं होतं. टेकाडावर घर दिसायला लागलं, मग खिडकी, मग खिडकीतून निघणारा धूर, आणि धुरात एक आकृती, हात कपाळाशी धरलेली. सवयीनं त्याची मान आपोआप खाली गेली. होडी रिकामी दिसली पाहिजे, म्हणून तो फळीच्या आड वाकलासुद्धा.

मग त्यानं मशीन मंद केलं, एक हात सुकाणूवर ठेवला, आणि चांगला ताठ उभा राहिला. दिसेल असा.