वाट्याची कोंबडी

दुसऱ्याची कोंबडी वाट्यानं सांभाळायला घेतली की माणूस आपल्याच अंगणात चोर ठरतो, हे केराबाईला कोणी आधी सांगितलं असतं, तर तिनं सोनाबाईला दारातूनच वाटेला लावलं असतं. पण सांगणार कोण? शेजारणींना शहाणपण सुचतं ते सगळं होऊन गेल्यावर.

सोनाबाई पलीकडच्या खोपटात एकटीच राहायची. सोलापूरच्या गिरणीत सुताच्या कांड्या भरायला जायची. पहाटेच्या भोंग्याला बाहेर पडायची ती दिवस कलल्यावर परत. घरात दुसरं माणूस नाही, पण कोंबड्या पाळायची हौस दांडगी. दुधनीच्या बाजारातून तिनं एक तांबडी तलंग आणली, अजून अंड्यावर न आलेली, आणि सरळ केराबाईच्या हवाली केली. बोली चार घरी असते तीच. कोंबडी सोनाबाईची, दाणापाणी आणि राखण केराबाईची. अंडी कोणी खायची नाहीत. ती जोंधळ्याच्या मडक्यात साठवायची, तांबडी खुडुक होऊन उबवायला बसली की तिच्याखाली ठेवायची, आणि पिल्लं निघाली की निम्मी इकडं, निम्मी तिकडं. केराबाईचा नवरा धुळा गिरण्यांच्या पलीकडच्या माळावर मेंढरं वळायचा. अंगणात एक कोंबडी आली काय अन् गेली काय, त्याला त्याचं काही नव्हतं.

तांबडी अंड्यावर आली आणि सोनाबाईचा जाच सुरू झाला. गिरणीला जाण्याआधी ती तांबडं फुटता फुटता हजर. खुराड्यात हात घालायची, कोंबडी बगलेत धरायची आणि मागून बोटानं चाचपून बघायची. आत टणक लागलं की म्हणायची, ‘आज हाय.’ संध्याकाळी येऊन मडक्यात डोकावायची आणि सकाळचं अंडं आलंय ना, याची खात्री करून घ्यायची. चाचपायची रीत काही वावगी नव्हती, कोंबड्या पाळणारी प्रत्येक बाई ते करते. पण राखण केराबाईची, मग बोटही केराबाईचंच असायला हवं होतं. तिचं बोट काय झिजलं होतं? तरी केराबाई गप्प बसली, आणि तिथंच चुकली.

एका संध्याकाळी मडक्यात नवं अंडं नव्हतं. सकाळी माझ्या बोटाला लागलं होतं, असं सोनाबाई म्हणाली. केराबाई म्हणाली, कुठं बाहेर घातलं असेल. दोघींनी निवडुंगाचं कुंपण धुंडाळलं, हात ओरबाडून घेतले, हाती काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळी ‘आज हाय’, आणि संध्याकाळी मडकं होतं तसंच. त्या दिवशी सोनाबाईनं चुलीतली राख काटकीनं उकरली आणि टरफल दिसतंय का ते बघितलं. केराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर उभं राहून चोर म्हटलं असतं तर चार शब्द ऐकवता आले असते. राख उकरणाऱ्या बाईला काय ऐकवायचं?

तिसऱ्या दिवशी सकाळी सोनाबाई कोंबडी खाली ठेवून म्हणाली, ‘आज बी हाय,’ आणि हे असं म्हणाली की पलीकडच्या आडावर पाणी शेंदणाऱ्या बायांनाही ऐकू जावं. मग जाता जाता तिथंही थांबून काय ते सांगून गेली. केराबाई घागर घेऊन पोचली तेव्हा म्हातारी मायाक्का तिच्याकडे वर-खाली बघत म्हणाली की हल्ली तुझी तब्येत बरी सुधारली की गं. बाकीच्या पदराआड हसल्या. केराबाईनं अर्धीच घागर भरली आणि परत फिरली.

घरी धुळा भाकरी खात बसला होता. तिनं झालं ते सांगितलं तसा तो म्हणाला, “खाल्लं असशील तर खाल्लं म्हण की. एवढ्या तेवढ्यानं काय व्हतंय?”

त्याला वाटत होतं आपण बायकोची बाजू घेतोय. केराबाईला मात्र सोनाबाईपेक्षा आडावरच्या बायांचा, आणि त्या बायांपेक्षा या माणसाचा संताप आला. बाहेर चोर म्हणाले तर म्हणाले, घरातल्यानं निदान विचारायचं तरी, खाल्लंस का म्हणून! त्यानं तर विचारायच्या आधीच माफ करून टाकलं होतं. दुसरी भाकरी तिनं त्याच्या ताटात अशी टाकली की तिचे तीन तुकडे झाले. धुळाला काहीतरी बिनसलंय एवढं कळलं. मग विषय बदलायचा म्हणून त्यानं सांगितलं की कोंबडी खुडुक झाली असेल, तिच्या नाकात पीस घाल, गार पाण्यात बुचकळ, येईल ताळ्यावर. एवढं शहाणपण सांगून तो मेंढरं घेऊन निघून गेला.

त्या दिवशी केराबाईनं सगळी कामं बाजूला ठेवली. जोंधळ्याचं सूप घेऊन ती अंगणात बसली, पण नजर तांबडीवर. कुठं जाऊन अंडं घालते ते एकदा बघायचं, आणि तीच जागा सोनाबाईला मान धरून दाखवायची, असा तिचा बेत होता.

तांबडी कुठं गेलीच नाही. ती अंडं घालायच्या पाटीत बसायची, थोड्या वेळानं उठायची, दोन पावलं टाकून पिसं फुलवून उभी राहायची आणि परत पाटीत शिरायची. शेपटी खाली पडलेली. बसली की सगळं अंग आवळून जोर करायची, मग धाप लागल्यासारखी चोच उघडी टाकायची. केराबाईनं मूठभर दाणे टाकले. रोज पायात पायात करणाऱ्या त्या हावरटीनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. तुरा तर फिकट पडला होता. ही कसली खुडुक? खुडुक कोंबडी पाटीला चिकटून बसते, जवळ गेलं की गुरगुरते, हात नेला तर चोच मारते. हिच्या पोटाखाली हात घातला तरी हिनं काही केलं नाही, नुसते डोळे मिटले.

मग केराबाईनं बोट लावून बघितलं. अंडं होतं. जरा वेळानं परत बघितलं. तिथंच होतं, टणक, तसूभरही न हललेलं. तिनं बोट पदराला पुसलं. तिन्ही सकाळी सोनाबाईच्या बोटाला लागलं ते हे एकच अंडं होतं. कोंबडी अडली होती. मेंढी विताना अडावी तशी ही मुकी अडून बसली होती, आणि ती बया रोज तिला चाचपून नवं अंडं मोजत होती!

दुसऱ्या कोणाला हसू आलं असतं. केराबाईला रडू येईल असा राग आला. कारण पुढचा पेच तिला लगेच दिसला. आता अंडं सोडवावं, तर ते सोनाबाईच्या पाठीमागं. संध्याकाळी तिच्या हातात ठेवलं तर ती म्हणणार, दडवलेलं बाहेर काढलंस, भ्यालीस. नाव राखायचं तर सोनाबाई येईपर्यंत थांबायला हवं होतं. ते अंडं तिच्यादेखत यायला हवं होतं. आणि तांबडीची मान तर आत्ताच खाली कलत चालली होती. संध्याकाळपर्यंत ही टिकणार नाही हे केराबाईला दिसत होतं.

ती दोनदा उठली, दोनदा बसली. मग स्वतःलाच एक शिवी हासडून तिनं चूल पेटवली. गेलं नाव खड्ड्यात, असं म्हणत तिनं पाणी कोमट केलं, घमेल्यात ओतलं आणि तांबडीला पोटापर्यंत त्यात बसवलं. मेंढीला करतात तेच करायचं, जोर करायचा नाही, ओढायचं नाही. आत अंडं फुटलं तर कोंबडी हातची गेलीच. तिनं बोटाला एरंडेल लावून मागची जागा मऊ केली आणि पोट हलक्या हातानं मागं चोळत राहिली. पाणी गार झालं, तिनं दुसरं तापवलं. अंडं थोडं सरकायचं आणि परत आत जायचं. केराबाई कधी तांबडीला चुचकारायची, कधी तिला दुधनीच्या बाजारासकट शिव्या घालायची. एवढ्यात गिरणीचा संध्याकाळचा भोंगा वाजला, आणि तांबडी अजून मोकळी झालीच नव्हती.

सोनाबाई आली ती तशीच आत शिरली. केसात कापसाचे तंतू, आणि समोर काय, तर केराबाईची तेलकट बोटं कोंबडीच्या मागं.

“आता आतनंच काढून घ्यायला लागलीस व्हय?” ती म्हणाली.

केराबाईकडं द्यायला उत्तरं पुष्कळ होती, दिवसभर घोळवलेली. पण कोंबडीनं तेवढ्यात परत जोर केला, म्हणून तिनं सगळी गिळली. “बस हितं खाली,” ती म्हणाली. “दोनी हातानं धर तिला. आन् बोट लावून बघ, सकाळी लागलं ते ह्येच का.”

तिच्या आवाजात असं काही होतं की सोनाबाई मुकाट्यानं बसली. तिनं बोट लावलं. मग तांबडीची पडलेली शेपटी बघितली, मिटलेले डोळे बघितले, आणि तिचा चेहरा उतरला. केराबाई पोट चोळत राहिली, सोनाबाईनं मागं ओंजळ धरली. तांबडीनं एकदा अंग आवळलं, आणि अंडं सोनाबाईच्या ओंजळीत पडलं. भलंमोठं, खरखरीत कवचाचं, एका अंगाला रक्ताचा ओघळ लागलेलं.

“घे,” केराबाई म्हणाली. “तुजी तिनी अंडी. मोजून घे.”

तांबडी बराच वेळ पडून होती, मग तिनं मान उचलली, अंग झटकलं आणि घमेल्यातलंच पाणी प्यायली. केराबाईनं तिला कोरड्या पोत्यात गुंडाळून चुलीजवळ ठेवलं. धुळा आला, त्यानं दोघींकडं आळीपाळीनं बघितलं आणि न विचारता हात धुवायला गेला. सोनाबाई उठून गेली. चुकलं असं काही ती म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती परत आली. या खेपेला खुराड्यापाशी उभी राहिली, हात पदराखाली घेऊन. “तूच बघ की बाय,” ती म्हणाली. “मी न्हाय हात घालत आता.”

“बघती,” केराबाई म्हणाली. “आदी आडावर जा. तितं काय सांगितलंस त्ये सगळ्यांम्होरं परत घे. मायाक्का हाय तितं, तिला बी ऐकू जाऊ दे. मग बघती.”

गिरणीचा भोंगा वाजला. उशिरा गेलेल्या बाईला मुकादम आत घेत नसे, हे केराबाईला ठाऊक होतं, आणि तरी ती खुराड्याच्या दारावरचा हात काढेना. सोनाबाईनं एकदा गिरणीच्या धुराड्याकडं बघितलं. मग पदर खोचून ती आडाच्या वाटेला लागली.