बोर्डापुढं सांगितलेली शेती

आमच्या हवालदारसाहेबांनी अठरा वर्षं फौजेत काढली आन् शेवटी एका शब्दानं माती केली. घरी धाडताना डॉक्टरांच्या बोर्डानं विचारलं, "गावी काय करता?" तर छाती फुगवून म्हनले, "शेती." शेती! आमच्या नावावर वीतभर जागा न्हाई. मुरुडच्या रानात मी दुसऱ्याचं खुरपत होते, आन् हे तिकडं बागायतदार.

दारूगोळ्याच्या गोदामाभोवती आग लागू नये म्हनून चार वर्षं ह्यांनी गवत मारायचं औषध फवारलं. हातात मोजे न्हाईत, तोंडाला फडकं न्हाई. अंग सोललं, दम लागायला लागला. अपंगत्वाच्या पेन्शनीचा अर्ज केला, तर कागद आला: 'अर्जदार शेतकरी आहे. आजार स्वतःच्या शेतातील फवारणीने झाला असावा. सेवेशी संबंध नाही.'

वा रे शहाण्यांनो! दुष्काळात हितं पीक उगवंना, गवत कुठलं मारतंय कुनी? आन् आमच्याकडं गवत बायका खुरप्यानं काढत्यात. औषधाचा डबा गावात कुनी बघितला बी न्हाई. पर खुर्चीत बसल्यावर खुरपं कशाला ठाव असतंय!

अपिलाला सहा महिन्यांची मुदत. पाच ह्यांनी भिंतीकडं तोंड करून घालवले. मग मीच तलाठ्याकडून भूमिहीन असल्याचा दाखला आनला आन् ह्यांना ओढत लातूरला, सैनिकांच्या कचेरीत नेलं. जिल्हा नवा, कचेरी नवी, भिंतींना रंगाचा वास. त्या वासानं हे खोकत बसले.

तिथल्या महादेवप्पा कारकुनानं दाखला बघितला. मग फौजेतल्या जोडीदाराची, उदगीरकडच्या वीरण्णाची टपालानं आलेली लेखी साक्ष वाचायला घेतली. "हवालदार निवृत्ती माझ्यासोबत रोज फवारत होता. बिनमोज्याचा." मी म्हनलं, झालं काम! कारकून पुढं वाचत गेला. "भला मानूस. घरची दहा एकर, विहीर, बांधावर चार आंबे. आंबे खायला ये म्हनायचा."

कारकुनानं चष्मा काढला. "दाखला म्हनतो जमीन न्हाई, साक्षीदार म्हनतो दहा एकर. निवृत्तीराव, खरं काय ते तुम्हीच लिहून द्या. न्हाईतर अपील टिकायचं न्हाई."

मी तर पेटलेच. "आंबे बी लावले का वो? मला एक बी दिला न्हाई!"

हे उठले. टाचा जुळवून उभे राहिले.

"लिहा साहेब. मी खोटं बोललो. बराकीत सगळे आपापल्या रानाचं बोलायचे. मला बोलायला काय बी नव्हतं. म्हनून एक विहीर सांगितली. मग वर्षावर्षाला वाढवत गेलो."

"जमीन किती लिहू?"

"काय बी न्हाई. कधीच नव्हती."

कारकुनानं लिहिलं. ह्यांनी सही केली. माझ्या तोंडात शिव्या तयार होत्या, पर मला लई रडू आलं. फौजेनं ह्या मानसाची छाती तर खाल्लीच होती. आता ते दहा एकर बी त्याच्याच हातानं काढून घेतले.