बेरजेचा नियम

प्रोग्राम चुकणार नाही याची गणिती सिद्धता पूर्ण झाली की संगणकाच्या पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक हिरवी खूण उमटते. मोहरीच्या दाण्याएवढी, किंचित डावीकडे झुकलेली. औषध सोडणाऱ्या पंपाच्या प्रोग्रामसाठी ती एकेचाळीस मिनिटांनी उमटली होती. तिच्या भरवशावर मी प्रमाणपत्रावर सही केली: ठरल्यापेक्षा जास्त औषध कधीच जाणार नाही.

नऊ दिवसांपूर्वी मला चूक सापडली. सिद्धतेतली एकही पायरी चुकलेली नव्हती. पण सिद्धतेआधी प्रोग्रामच्या भाषेतल्या प्रत्येक आज्ञेचा अर्थ गणितात लिहावा लागतो. बेरजेचा अर्थ चार वर्षांपूर्वी मीच लिहिला होता, आणि त्यात संख्या हवी तेवढी वाढू शकते. पंपातली संख्या तशी वाढत नाही. सेकंद मोजत ती ६५,५३५ पर्यंत जाते आणि पुन्हा शून्य होते. म्हणजे अठरा तास बारा मिनिटांनी पंपाला वाटतं, रुग्ण आत्ताच आला. आणि तो सुरुवातीचा मोठा डोस पुन्हा सोडतो.

त्याच नियमावर आणखी सहा यंत्रांची प्रमाणपत्रं उभी होती. सगळ्यांवर माझी सही. नऊ दिवस मी मिठाची गुळणी धरून बसले.

माझी ताई अतिदक्षता विभागात नर्स आहे. काल जेवताना मी सहज विचारल्यासारखं केलं, "तुमचे पंप सलग किती वेळ चालतात गं?"

"दोन-दोन दिवस. का?"

"नवे कधी येणार?"

"सोमवारी. तू तपासलेत म्हणून सगळ्यांना सांगून ठेवलंय मी. नाक कापू नकोस हं माझं."



आज सकाळी साहेबांच्या खोलीत गेले. पंपांची खोकी गाडीत भरायच्या कागदावर ते शिक्का मारत होते.

"ये, गणितबाई. आज काय, दोन अधिक दोन पाच झाले?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी शिक्का खाली ठेवला.

"चाचणीत तर काही आलं नाही."

"चाचणी बारा तासांची होती, साहेब."

"पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त करू. नाहीतर बाकीची सहाही उकरतील लोक. तुझ्या कामावर पुन्हा कोण विश्वास ठेवेल, पोरी?"

याच प्रश्नाला मी नऊ दिवस घाबरले होते.

"सातही प्रमाणपत्रांवरची सही मी मागे घेते," मी म्हणाले.